पोटमाळा

रास अल खैमा. खाडीकाठचा अबू सुलतानांचा प्लॉट.
पॅरिसहून परतताना त्यांनी फोनमधून एक छप्पर आणलं होतं.
"अस्संच," म्हणाले, आणि खजुरांची बशी पुढे सरकवली.

आमच्याकडे दुपाखी, नाहीतर चौपाखी.
हे चौपाखीच, पण प्रत्येक पाखं कमरेत मोडलेलं:
खालचा भाग सत्तर अंशांत, जवळजवळ भिंतच,
वरचा इतका निजलेला की रस्त्यावरून दिसत नाही.
एका फ्रेंच वास्तुकाराचं आडनाव त्याला चिकटलं,
त्याच्या शंभर वर्षं आधीच
कुणी तसलं बांधून मोकळं झालं होतं, तरी.

पॅरिसचा जुना कायदा: उंची मोजायची ती कंगणीपर्यंत.
छप्पर हिशेबात नाही.
मग काय, लोकांनी हिशेबाबाहेर अख्खा मजला चढवला
आणि तिथं मोलकरणी ठेवल्या.
सहा जिने, एक झरोका,
हिवाळ्यात भांड्यातलं पाणी गोठायचं म्हणे.

इथं बर्फ कुठला! शमाल सुटला की
उतारावरून घसरते ती वाळू.
स्लेटही नाही; राखाडी तक्ते,
उम्म अल कुवैनच्या यार्डात पेरुमाळ साच्यात ओततो,
साडेबारा ते तीन सोडून.
उतारामागं पाण्याच्या टाक्या, एसीची चौदा युनिटं.
मी सहा खिडक्या काढल्या. पाच आंधळ्या:
चौकट, काच, काचेमागं काळा रंग.
सहावीमागं खोली, नऊ बाय सात.
नगरपालिकेच्या नकाशात तिचं नाव 'सर्व्हिस'.
मजल्यात धरत नाहीत. आत राहणारीलाही.

राहणारी त्सेहाय, गोंदरच्या डोंगरातली.
जुन्या घरात जिन्याखाली झोपायची.
तिथली कपाटं मोजताना तिनं टेपचं टोक धरलं,
टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवलं:
"ही उघडते?"

इतकी वर्षं मी हा शब्द अखंड लिहीत आलो.
त्या दिवशी त्याचे दोन तुकडे झाले.
पोट. माळा.

रिव्हिजन सी: खिडकी सहा, उघडणारी, उत्तरेला.
कन्सल्टंटनं लाल रेघ मारली. धूळ येईल,
थंडावा गळेल, बाकीच्या पाचांशी जुळणार नाही.
रिव्हिजन डी: बंद.
डी मी ईमेलनं पाठवली, नियमाप्रमाणे.
सी आधीच छापून इरफानभाईंकडे गेली होती.
ईमेल ते उघडत नाहीत, हे मला ठाऊक होतं.
परत फोन केला नाही. एवढंच माझं धाडस,
त्याला तसं म्हणायचं तर.

चाव्या देऊन तीन महिन्यांनी
रिटेन्शनचा चेक आणायला गेलो.
अबू सुलतान मला रस्त्यापलीकडे घेऊन गेले, मान मागं टाकून बघत राहिले.
पाच काचांत ऊन एकसारखं लखलखत होतं.
सहावीत नाही. तिथं पांढऱ्या ओढणीचं
एक टोक बाहेर आलं होतं, वाऱ्यानं उडत.

"ती काय?" त्यांनी विचारलं.
मी फाइल उघडली
आणि त्यात काहीतरी शोधू लागलो.