लाल बल्ब

लिएपाया बंदर. त्या वर्षीचा हिवाळा.
कोळशाच्या वखारीवर एक खोली, तिला स्टुडिओ म्हणायचे.
भिंतींना कान फुटू नयेत म्हणून
चहूकडून घोड्यांच्या झुली ठोकलेल्या,
आणि झुलींना अजून घोड्यांचाच वास.
जमीन करकरायची,
म्हणून बूट जिन्यातच काढायचे.

माझं काम म्हणजे तबकड्या पुसायच्या, सुया बदलायच्या
आणि मायक्रोफोनला बोटाच्या पेरानं एक टिचकी.
आतला कोळशाचा भुगा बसायचा ना थंडीनं,
मग श्रीयुत तेओदोर्स यांचा आवाज
पिंपात बसून बोलल्यासारखा यायचा.
टिचकी माझी. आवाज त्यांचा.

हर्मीने पियानोवर, बोटं कापलेले हातमोजे घालून.
लवीजे खाली टेलिफोनपाशी;
बंदराच्या कचेरीतून वाऱ्याचे आकडे उतरवून घ्यायची
आणि चिठ्ठी टोपलीत घालून दोरीनं वर.
कार्यक्रमाच्या छापील कागदावर आम्हा तिघींपैकी
कुणाचंच नाव नसायचं.
पियानोच्या कंपनीचं असायचं.

संचालक ज़ामुएल्स म्हणत,
बाईचा आवाज तारेत शिरला की पातळ होतो,
पाणी घातलेल्या दुधासारखा.
त्यांच्या घरी दूध कोण तापवायचं, देव जाणे.

अकरा जानेवारीला तेओदोर्सांची दाढ सुजली.
सात वाजत आलेले. टोपली वर आली.
वायव्येचा वारा, जोर आठ, वाढता.
हर्मीनेनं माझ्याकडे पाहिलं, मी झुलींकडे.
मग मीच टिचकी मारली आणि मीच वाचलं,
नियमाप्रमाणे तीनदा.
तिसऱ्यांदा "वाढता" म्हणताना
आवाज जरा चिरकला, तो तसाच जाऊ दिला.

दारावरचा लाल बल्ब विझलेला दिसला.
सुटले, वाटलं.
म्हटलं, "हर्मीने, अगं दोन्ही मोजे भिजलेत,
टाचेला हे एवढं भोक,
आणि घशातून, शप्पथ, हेरिंगच बाहेर पडणार होता!"
हर्मीने हसली, गोदीतल्या हमालासारखी,
आणि मधेच थांबली.
यंत्रावरचा काटा दाखवत होती.
मी म्हटलं, "काय?"
काटा हलला.

बल्ब मंगळवारीच जळाला होता.
"नवा हवा" असं वहीत लिहिलेलं होतं,
माझ्याच अक्षरात.

दोन लाट दंड. पगारातून.
पत्रं सतरा आली.
चौघांचे म्हणे माझ्या आवाजानं दात शिवशिवले.
एका शाळामास्तरानं माझं व्याकरण तपासून पाठवलं.
आणि पाविलोस्ताहून एक पुडकं, सुतळीनं बांधलेलं.
"होड्यांवर तुमचं यंत्र नसतं," बाईनं लिहिलं होतं.
"आम्हीच ऐकतो, काठावरच्या.
सुपाच्या वाडग्यात कानाचा तो तुकडा ठेवून
सगळ्या जणी वाकून बसतो.
वारा काय, खिडकीतूनही कळतो.
पण तुझ्या टाचेचं भोक ऐकलं
आणि मी सुया काढल्या.
माप आवाजावरून धरलंय. चुकलं तर सांग."
सही नुसती 'दोर्ते'.

राखाडी लोकर. बोटभर मोठे होते.
तिला वाटलं असेल, मी उंच आहे.

त्या रात्री किती होड्या परतल्या
हे मी लवीजेला विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
तिला ठाऊक होतं; तिच्याच टेलिफोनवर आलं असणार.

सोमवारी तेओदोर्स आले, गालाला फडकं बांधून.
मी पेरानं टिचकी मारली.

नवा बल्ब मार्चमध्ये बसला.
तोवर दर रात्री, सगळे जिन्यात बूट चढवत असताना,
मी त्या मोठ्या मोज्यांत मागे रेंगाळायची
आणि हळूच विचारायची,
"आहे का कुणी?"
काटा हलायचा.
माझ्याच आवाजानं हलतो, ते कळत होतं मला.
तरी थोडं थांबायची.