रजेचं कारण

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून एकोणीस वर्षं
मी लोकांच्या रजा लिहून घेते.
कारणाच्या रकान्याला जागा चार बोटं.
पोट बिघडले. गावी काम. पोट बिघडले. मेव्हण्याचे लग्न.
एका मेव्हण्याचं तीनदा लग्न झालं,
मी काही बोलले नाही.

मढवीचं पोट मात्र सोमवारीच बिघडायचं.
लेथवरचा माणूस, केसाच्या जाडीत चूक न करणारा,
त्याचे जॉब परत यायला लागले
आणि बायकोनं दिलेला तळलेला बांगडा
कँटीनमागच्या मांजरांना जायला लागला.
मांजरं माजली.
आधी मला तेवढंच दिसलं.

मग वरून पोस्टर आलं.
मनावर ताण आहे? बोला.
वर एक बाई हिरवळीवर बसून हसत होती.
आमच्याकडे हिरवळ नाही,
कूलंट सांडतं तिथं थोडं शेवाळ येतं.
खाली कातरलेल्या बारा पट्ट्या, प्रत्येकीवर तोच नंबर.
साहेब म्हणाले, नोटीस बोर्डावर लावा, बोनसच्या यादीशेजारी.
सगळ्या पाळीसमोर उभं राहून
कुणी तिथली पट्टी फाडेल
असं वाटणारा माणूस
कधी पाळीत उभा राहिला नसावा.

चहाला तडवी म्हणाला,
"नंबर कशाला मॅडम? तसल्यांना ठाण्याला पाठवतात."
सगळे हसले. मीही हसले.
आम्ही ठाण्यातच होतो.
रिक्षानं दहा-बारा मिनिटांवर ते फाटक.
लोक रिक्षावाल्याला अलीकडचा नाका सांगतात
आणि उरलेला रस्ता पायी जातात,
दुसरीकडेच कुठं निघाल्यासारखे.
मला माहीत आहे. मी गेले आहे तशी,
धाकट्या भावाचा केसपेपर
भाजीच्या पिशवीत, मेथीखाली ठेवून.
रजिस्टरात त्या दिवसांपुढं
माझ्याच अक्षरात लिहिलंय: पोट बिघडले.

दुसऱ्या दिवशी पोस्टर काढलं.
सफाईच्या कासारेमामांना दिलं, म्हटलं,
पुरुषांच्या संडासात लावा, दाराच्या आतून,
कडी लावल्यावर समोर येईल असं.
देण्याआधी दोन पट्ट्या मीच फाडल्या.
पहिलं कुणालाच व्हायचं नसतं.

हजेरी घ्यायची सवय जात नाही.
मामांना रोज विचारायची, किती?
दहा.
दहा.
नऊ, पण एक मोरीत सापडली.
पावसाळी चपला वाळत टाकाव्या तसे दिवस,
काही होतंय की नाही कळेना.
सात.
एखादी तंबाखूची पुडी बांधायला गेली असेल.
असू दे.

शुक्रवारी मढवी खिडकीशी आला.
नाव, टोकन नंबर, तारीख, सगळं भरलं
आणि कारणावर पेन थांबलं.
मागं रांग. कुणीतरी खाकरलं.
"काय लिहू?"
"डॉक्टर, असं लिही."
"कुठला, म्हणून विचारतील."
"विचारणारी मीच आहे."

त्यानं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.
फोन लागला होता म्हणाला. पलीकडची पोरगी चांगली होती.
ती म्हणाली, एकदा दाखवून या.
मग अगदी हळू, रांगेला ऐकू जाऊ नये असं:
"तिथं... कसं असतं?"

मी शिक्का मारता मारता सांगितलं,
सकाळी आठच्या आत पोच.
आधी केसपेपर. बाकं कमी आहेत, उभं राहावं लागेल.
शेजारचा माणूस काही बोलला तर ऐकून घे,
तोही तुझ्यासारखाच रजा टाकून आलेला असतो.
झोप लागते का विचारतील, खरं सांग.
बायकोला ने. नाही म्हणाली तर मला फोन कर.
आणि रिक्षा नाक्यावर सोडू नकोस,
पार फाटकापर्यंत ने.

महिना होत आला.
जॉब अजून अधूनमधून परत येतात.
तडवी अजून तोच विनोद करतो, आवाज जरा उतरलाय.
पट्ट्या पाच राहिल्यात.
मांजरं अजून जाडच आहेत.
पण गुरुवारी त्यांना
बांगड्याची नुसती डोकी मिळाली.