दंत्य

शनिपाराजवळच्या दवाखान्यात
उरलेसुरले अकरा दात ताटलीत ठेवून
मी घरी आले.
कवळी तीन आठवड्यांनी.

तिथली हर्षाली हातमोजे काढता काढता म्हणाली होती,
"काकू, काबुली चणे भिजवा, मऊ शिजवा, गोड करा,
कोको घाला. परदेशात ब्रेडला लावून खातात.
हमस म्हणतात त्याला."
जबडा बधिर. मी म्हटलं, "हम्म."
अर्धं नाव तर तिथंच आलं.

दातांइतकीच, बत्तीस वर्षं,
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
"नमस्कार, नंबर सांगा" म्हणत बसले मी.
आता शाळेतल्या व्याकरणाच्या बाई
छडी घेऊन ओट्यापाशी उभ्या:
त थ द ध न, ल, स.
अख्खी ओळ फळ्यावरून पुसलेली.

कांतिशेठच्या दुकानात चणे मागितले.
आपल्या चण्यातला च दाताला टेकून निघतो,
माझा निघाला चिमणीतला.
जन्म सदाशिव पेठेत, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक,
आणि शेठ मान वर न करता म्हणाले,
"कितना दूँ, बहनजी?"
म्हण ओठांवर आली होती,
पण तिच्यात दात दोनदा येतात.

वाटायला तीळ हवे होते. तीळ म्हणवेना.
मग खोबरं घेतलं. गूळ. कोको.
घशाचे, ओठांचे, टाळूचे जिन्नस,
जे साफ उच्चारले तेवढे पिशवीत आले.

रात्रभर भिजले. सकाळी चिमूटभर सोडा, सहा शिट्ट्या.
साल काढायचीच, हर्षालीनं बजावलेलं.
पंच्यावर चोळून पाहिले,
शेवटी एकेक चिमटीत धरावा लागला.
चणा टुणकन निसटतो,
साल बोटाला चिकटून राहते, नखाएवढी, आरपार.
ताटलीतले अकरा आठवले.
तेही असेच ओले, पिवळट,
मुळाशी जरा जास्तच.

बाहेर हे पेपर वाचत फुटाणे खात होते.
बहात्तराव्या वर्षी सत्तावीस दात स्वतःचे.
कुर्रम, पान उलटणं, कुर्रम.
मुद्दाम नाही. म्हणजे, मुद्दाम नसावं.

मिक्सर आधी अडखळला.
चणे शिजवलेलं पाणी पळीभर घातलं,
तशी घरघर बदलली, लाईन जुळावी तशी.
हे माझ्या कानाला कळतं, कवळी असो नसो.
बोटानं चाटून पाहिलं.
जड, गोड, मागे थोडी मातीची चव,
आणि जिभेला कुठंच काही अडलं नाही.

का कोण जाणे, त्या घासावर
मला यांना नावानं हाक मारावीशी वाटली.
उखाण्यात एकदा घेतलंय, बँकेच्या फॉर्मवर कितीदा,
हाक म्हणून कधी नाही.
सदानंद.
स, द, न, द. बघा तुम्हीच,
एक अक्षर बिनदाताचं नाही.
स्वयंपाकघरातून गेलं ते "हहाहं"सारखं काहीतरी,
पर्वतीच्या पायऱ्यांवर कुणी दम टाकावा तसं.
"काय गं, पडलीस का?" पेपरमागून.

मग "अहो" म्हटलं.
केवढं स्वच्छ निघालं!
ज्यानं कुणी हा शब्द काढला
त्याला म्हातारपण माहीत असणार.

आले. मारी बिस्किटानं कडेचं खरवडून घेतलं,
चावले, थांबले.
"पुरण करपलं होय?"
एवढं समजवायला तोंडात होतंच काय?
"हम्म," म्हटलं.

त्यांनी दुसरं बिस्किट उचललं,
माझ्याकडे पाहिलं,
ते स्वतःच्या चहात बुडवलं, पुरतं मऊ होऊ दिलं,
वर जाडसर लेप लावून माझ्या हातात ठेवलं.
बशीत अर्धं गळून पडलं, ते चमच्यानं दिलं.

मग फुटाण्यांच्या पुडीला दोरा गुंडाळून
वरच्या फळीवर ठेवायला स्टुलावर चढले.
संध्याकाळी मी पाहिलं,
पुडीवर पेननं तारीख घातली होती,
कवळीची.