रिकामा रकाना

वालूरच्या बारवेतला गाळ,
सातव्या पायरीवरचा, चमचाभर.
चांदपाशानं जीपमधून आणला
बर्फाच्या थर्मासात, मांडीवर धरून,
खड्डा आला की दोन्ही हातांनी झाकत.

गाळ पुण्याला गेला. परत आली
नुसती अक्षरं.
ए टी जी जी सी टी ए... सहाशे बारा.
परभणीतली दुपार, पंखा बंद,
इन्व्हर्टरवर एवढा एक पडदा जागा.
जगात कुणाशीच जुळत नाहीत ती.
सगळ्यात जवळचं नातं ब्याऐंशी टक्के,
एवढ्यावर आमच्याकडे सुतकही धरत नाहीत.

बुरशी आहे, इतकं नक्की.
रंग? माहीत नाही.
छत्री उघडते की सुतासारखी पसरते,
जिवंत होती की मेल्यावर मागे उरलेली,
माहीत नाही.
सटवाईनं लिहिलेलं सगळं हाती लागलं
आणि कपाळच सापडेना.

बटाट्याच्या रसावर तीन महिने वाट पाहिली.
बशी उघडावी तर आपली ओळखीचीच,
शिळ्या भाकरीवरची काळी.

नियम असा, की नाव द्यायचं तर
वाळवलेला देह हवा,
पाकिटात, कपाटात,
उद्या कुणी आलं तर दाखवायला.
अक्षरांनाच देह मानायचं का
यावर दूरदेशी मोठी माणसं भांडतात म्हणे.
सर म्हणाले, तू ठेवून टाक गं,
नाव ठेवणं आत्याचंच काम.
मी ठेवलंही होतं, वहीच्या मागच्या पानावर,
वालूरवरून, लॅटिन शेपटी लावून.

गयाबाई फरशी पुसता पुसता थांबली.
"बारसं करायलाव का मॅडम?
मग कुर्र कुनाच्या कानात करनार?"
मी हसले.
तिनं फडकं पिळलं.
"रिकामा पाळना हलवू नाही म्हनतेत,"
आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेली.

नावाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
मी लिहिलं, नमुना ४१७.
मशीन बंद केलं.

शनिवारी चांदपाशाला म्हटलं, काढ जीप.
बारवेचं पाणी वर आलेलं,
सातवी पायरी बुडाली होती.
सहावीवर बसले,
बाही दुमडून हात कोपरापर्यंत आत घातला.
बोटांना गार, बुळबुळीत
काहीतरी लागत होतं.
तेच असेल.
नसेलही.
बराच वेळ मी हात काढला नाही.