चौथा चौकोन

चर्चच्या फॉर्मवर तीन चौकोन आहेत:
एए, एएस, एसएस.
लग्न लावण्याआधी पाद्री तो कागद मागतात.
कुमासीत तेवीस वर्षं मी हेच करत आलेय,
बोटाला सुई, जेलवर थेंब, वीज सुरू,
रक्त आपापल्या रेषेवर जाऊन थांबतं
आणि मी एका चौकोनात फुली मारते.
कितीतरी जोडपी या टेबलापाशी
हात सोडून उठली.
एकदा मीही उठले होते, खुर्चीच्या त्या बाजूने.
ते असो.

आज समोर सुमिना.
आमच्याकडे सुमिना म्हणजे उकिरडा.
आधीची तीन गेली, म्हणून आईने चौथीला
जन्मल्या जन्मल्या कचऱ्याच्या ढिगावर ठेवलं,
शेजारणीने उचलून परत आणून दिलं.
मरणाला वाटावं, टाकलेलीच आहे, कशाला न्या.
मरण काही एवढ्यावर फसलं नाही.
दिवसा आई केंकी विकायची, आंबवलेल्या मक्याचे गोळे,
रात्री पोरीला पाठुंगळी घेऊन इथे यायची.
हाडांत कुणी विळा फिरवतंय, पोर म्हणायची.
मी भिंगाखाली बघायचे: खरंच विळे.

मग नव्या उपचाराची चाचणी निघाली.
नावं बारा, जागा एक.
चिठ्ठ्या टाकल्या, सुमिनाची आली.
फिफीची चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे.
अक्षर माझंच.

तिला परदेशी नेलं. मज्जेतल्या पेशी काढल्या,
एका जनुकाची कडी मोडली,
जन्मानंतर बंद होणारं एक दार
किलकिलं करून पेशी परत घातल्या.
आज तिच्या थेंबाकडे बघते:
विळ्याची रेषा आहेच, मागे, पुसट,
आणि तिच्या पुढे ठळक, एफ.
गर्भातलं रक्त.
एकोणतीस वर्षांची बाई
पोटातल्या बाळाचं रक्त घेऊन समोर बसलीय
आणि विचारतेय, पंखा जरा कमी करता का.

दाराशी एबो क्वान्सा. तो एएस.
उपचारात हिचे केस गेले. त्याआधी
अंडी गोठवून ठेवली होती;
त्यांत विळा जसाच्या तसा.
"तिथेच का नाही दुरुस्त केलं?"
मी पाठ असलेलं सांगते:
शरीर तुझं, म्हणून सही तुझी.
जो अजून नाहीच, त्याची सही कोण घेणार?
ते दार उघडायचं नाही, असं जगाने ठरवलंय.
"कोणी ठरवलं?
ज्यांना पोर उकिरड्यावर ठेवावं लागलं नाही, त्यांनी?"

मला उत्तर येतं. येतं असं वाटतं.
अर्धा विळा हिवतापाला आडवा येतो,
त्याच्याच आडोशाने आमचे पूर्वज तगले.
तो उपटताना मुळाशी काय काय येईल?
आज विळा, उद्या कुणी म्हणेल नाक सरळ करा,
परवा रंग.
हे सगळं खरं आहे,
आणि उरलेल्या अकरा आयांसमोर
मोठ्याने म्हणायची माझी छाती नाही.

हरमाटनची धूळ येऊन फॉर्मवर बसली.
एसएस लिहू? सहा वर्षांत ही एकदा कळवळलेली नाही.
एए लिहू? मग रेषा खोटी,
आणि त्या खोट्याची किंमत
ज्याला अजून नाव नाही त्याने द्यायची.
पट्टी शोधली, सापडेना.
हातानेच चौथा चौकोन आखला, जरा तिरका,
आत लिहिलं, एफ.
शेजारी बारीक अक्षरात:
होणाऱ्या बाळाबद्दल या कागदाला काही माहीत नाही.

गुरुवारी फॉर्म परत आला.
लाल शाईचा शेरा, खाली चर्चचा शिक्का:
नमुन्यात फेरफार चालणार नाही.

सुमिनाला फोनवर वाचून दाखवलं.
ती हसत सुटली, थांबेचना.
मग थांबली,
आणि म्हणाली, नवा फॉर्म कितीला मिळतो?