दुसरा ब्रेक

करमाडच्या पुढं, डाव्या हाताला, ज्वारीच्या रानात
तीन किलोमीटर डांबराचा गुंता पडलेला आहे.
पुण्याहून येतात, हैदराबादहून येतात लोक
ट्रेलरवर गाड्या घालून,
आजारी लेकराला दवाखान्यात न्यावं तसे जपून.
मी जालन्याहून आलो माझ्याच वॅगन-आरनं,
छतावरची ‘शिकाऊ’ पाटी उतरवून.

गेटवर गाडी रिकामी करायला लावली:
स्टेपनी, जॅक, पायपुसणं,
आरशाला टांगलेलं लिंबूसुद्धा.
“सुटं काहीच नको, काका.”
तपासणारा पोरगा डाव्या सीटपाशी वाकला,
हात घालून म्हणाला, हे काय?
ब्रेक, म्हटलं. दुसरा.
कुणाला?
मला.
बावीस वर्षं माझा पाय तिथंच असतो.

परभणीचे दातांचे डॉक्टर वट्टमवार
बोनेटवर चिकटपट्टीचा आकडा लावत होते, वाकडा सात.
बागरेच्यांचा धाकटा, सळईच्या कारखान्यातला,
लाल गाडीभोवती नुसता फिरत होता,
आत बसायचं जीवावर आल्यासारखा.
हेल्मेट उसनं. आत कुणाच्या तरी
चमेलीच्या तेलाचा वास.

आणि शेजारी बसायला आली, शिकवायला आली,
नुसरत.
कदीम जालन्यातली. माझ्याच वहीत तिचं नाव,
मामा चौकात गाडी बंद पडली म्हणून
स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलेली.
मी तेव्हा म्हटलो होतो, रडायलीस कशाला,
मागचे वाजवायलेत, वाजवू दे.
आता तिच्या छातीवर शिट्टी, हातात लाल पट्टा.
“चला सर,” म्हणाली,
आणि बसली माझ्या जागेवर.

पहिल्या वळणाला विहीर म्हणतात.
कुणाची होती, कुणाला सांगता येत नाही;
बुजवली, वळण झालं, नाव तेवढं राहिलं.
तिथं मी चाळीसवर आलो.
“सर, का थांबायलात? रस्ता मोकळाय.”
मोकळा रस्ता!
मी कधी बघितलाच नव्हता मोकळा रस्ता,
त्यात येऊ शकणारं सगळंच तेवढं बघत आलो:
सायकल, म्हैस, दारू प्यालेला, चेंडूमागचं पोर.
“नजर लांब टाका. तुम्हीच सांगायचात ना,
बोनेट बघू नको, जायचं तिथं बघ.”
सांगायचो. रोज सांगायचो.
पाळलं कधी?

दुसऱ्या फेरीला ऐंशी. तिसऱ्या फेरीला
लांब पट्टीवर एकशे चौदा,
वॅगन-आर कण्हत होती, डबा हलवल्यासारखे दात वाजत होते,
आणि विहीर धावत येत होती अंगावर.
माझा डावा पाय आपोआप शोधायला लागला
जे या बाजूला नव्हतंच.
ते तिच्या पायाखाली होतं.
मी बघितलं, बघायला नको होतं, पण बघितलं:
नुसरतनं दोन्ही पाय मागं ओढून
सीटखाली दुमडून घेतले होते.
हात मांडीवर. चपलेचा अंगठा सुद्धा पुढं नाही.
मग मीच दाबला. माझा. एकच होता तो.
वळण आलं, आणि गेलं.

पाचव्या फेरीत लाल झेंडा.
ट्रॅकवर रोही आला होता,
मधोमध उभा, कान हलवत,
कुठली घाई नाही, कुठला आकडा नाही.
सगळ्या गाड्या ओळीनं गप्प.
बागरेच्यांचा पोरगा खाली उतरून हसत सुटला,
डॉक्टरांनी फोटो काढला, त्यात नुसतं शेपूट आलं.

वेळ निघाली माझी: दोन मिनिटं एक्केचाळीस.
शेवटून दुसरा.
शेवटून पहिला कोण, विचारलं नाही.

सोमवारी सकाळी नवी शिकाऊ, कमलबाई टकले,
वय पंचावन्न, घरच्यांना न सांगता आलेली.
पाटी परत छतावर, लिंबू परत आरशाला.
मंठा रस्त्यावर तिनं गाडी तिसऱ्यात टाकली
आणि मी दोन्ही पाय मागं घेतले, सीटखाली.
मोजले: एक, दोन, तीन, चार.
पाचला दाबावाच लागला.
समोर शेळी होती.