क्रियापद

मसुदा माझ्याकडे आला तेव्हा इंग्रजीत होता,
अकरा पानं, टाचणी गंजलेली.
साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत मराठी करा,
महासभेपुढे ठेवायचाय.
विषय: पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट फोडून
पुन्हा बांधकामात वापरण्याबाबत.

पहिल्याच ओळीत अडले.
कोशात सापडलं 'पुनश्चक्रित स्थूल समुच्चय'.
तीनदा मोठ्यानं वाचलं.
शेजारच्या टेबलावरून खैरनार म्हणाले,
कोणाचं श्राद्ध आहे का, मॅडम?

म्हणून भर दुपारी रिक्षा करून पाथर्डीला गेले,
शहराचा राडारोडा जिथे येऊन पडतो.
डोंगरच होता तो.
सारूळचा डोंगर फोडून खडी झाली,
खडीची कॉलेज रोडला कोणाची तरी गॅलरी झाली,
तिच्यात तुळस, सायकल, वाळत घातलेले पापड,
मग तिसाव्या वर्षी इमारत पाडायला निघाली
आणि इथे परत डोंगर,
फक्त यावर गवत नाही.

इंदूबाई गांगुर्डे सरकत्या पट्ट्याशी उभी होती.
तोंडाला ओढणी, रबरी मोजा एकाच हातात.
वेचत होती सळईचे तुकडे, नळाची तोटी,
कोणाच्या न्हाणीतली निळी मोझॅक.
याला काय म्हणता, विचारलं.
म्हणायचं काय त्यात? हे डबर. ती पलीकडं खडी.
बारीक आहे ती कच.
आणि हे पांढरं?
ते जिप्सम. ते राह्यलं तर समदा ढीग नासतो, बाई.
भाकरीत खडा चालतो एखादा,
खडीत हे नाही चालत.
वहीत लिहून घेतलं.
नियम सात, पोटनियम दोन, तिच्या तोंडून.

नामं मिळाली. राहिलं क्रियापद.
इंग्रजीतलं बसल्या जागी दोन्हीकडे मान हलवत होतं,
मराठीत त्याला कुठल्या तरी पायरीवर उभं राहावं लागतं:
वापर करता येईल.
वापर करावा.
वापर केला पाहिजे.
वापर करणे बंधनकारक राहील.

बिल्डरांच्या संघटनेचे आढाव चहाला आले.
'करावा' छान आहे, म्हणाले, घरगुती वाटतं,
आई म्हणते ना, वेळेवर जेवत जावं,
तसं.

प्रयोगशाळेतला निसार काही म्हणाला नाही.
पाथर्डीच्या खडीचा क्यूब त्यानं
अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवला होता.
पुसला, यंत्रात बसवला.
काटा चढू लागला.
अठरा. वीस. मी उगाच टेबलाची कड धरली.
तेवीस. सव्वीस.
मग अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एक आवाज.
वीसला टिकला पाहिजे होता, निसार म्हणाला,
सव्वीसला गेला.

पाहिजे.
तिथल्या तिथे ठरलं.
पदपथ, कुंपणभिंती, गटारांची झाकणं,
यांत वीस टक्के वापर केला पाहिजे.
माझ्या अक्षरात, अकरा पानांची चौदा झाली.

शुक्रवारी फाइल वर गेली, मंगळवारी खाली आली.
हिरव्या शाईत एकच दुरुस्ती:
'वापरास प्रोत्साहन देण्यात येईल.'
कोण देणार, कोणाला, कशाचं,
शोधून पाहिलं. एवढ्या लांब वाक्यात
एकही माणूस नव्हता.

त्याच रात्री, घरी जाताना,
नासर्डीच्या पुलाजवळ एक ट्रॅक्टर
दिवे मालवून उभा.
मागचा फाळका पडला, धूळ उठली,
ट्रॉली मोकळी झाली.
त्याला कुठलंच क्रियापद लागलं नाही.

फुटक्या क्यूबचा अर्धा तुकडा मी मागून घेतला.
पंख्यानं कागद उडतात, त्यांच्यावर ठेवते.
तुटल्या बाजूला निळा ठिपका दिसतो,
ज्वारीच्या दाण्याएवढा,
इंदूबाईच्या हातून सुटलेला.

तो आत असूनही
सव्वीस.